सुखरूप सुटका: बाळंतपणाच्या धास्तीचा इतिहास

मराठीत बाळंत होण्याला ‘सुटका’ म्हणतात. कळा लांबल्या की बाई ‘अडली’, मूल बाहेर आले की ती ‘सुटली’, आणि गावोगावी धाडायचा निरोप एका ओळीचा: बाळ-बाळंतीण सुखरूप. एरवी सुटका होते ती कैदेतून किंवा संकटातून. घरात मूल येण्याच्या प्रसंगाला भाषेने नेमका हाच शब्द दिला, यावरून जुन्या घरांनी गरोदरपणाकडे कोणत्या नजरेने पाहिले ते कळते. गरोदर राहण्याचे नावही सरळ घेत नसत. दिवस गेले, दिवस राहिले, पाऊल जड झाले, असे आडवळणाने बोलायचे आणि गलका न करता पुढच्या तयारीला लागायचे.

ही धास्ती उगाच नव्हती. सरकारने नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये देशाच्या आरोग्याचा ताळेबंद मांडला, तेव्हा दर हजार जन्मांमागे सुमारे २० माता दगावतात असा तिचा अंदाज होता. वर्षाला सुमारे दोन लाख बायका. त्या काळी एका बाईची सहा-सात बाळंतपणे होणे नेहमीचेच होते. या हिशोबाने आठांतली एखादी बाई कधी ना कधी बाळंतपणातच जायची. म्हणजे असे मरण ज्याने जवळून पाहिले नाही असे घर आळीत शोधूनच काढावे लागले असते. अर्भकांचे मरण तर त्याहून सवयीचे. अशा परिस्थितीत काळजी करू नकोस असे पोटुशीला सांगून काही होत नव्हते. घराने दुसरी वाट धरली. काळजी वाटून घेतली, तिला दिवस नेमून दिले, तिचे नियम केले.

पहिला नियम गुप्ततेचा. तिसऱ्या महिन्यात गाजावाजा न करता घरच्या घरी ओटी भरायची आणि हिरवी चोळी द्यायची. हिला ‘चोरचोळी’ किंवा ‘चोरओटी’ म्हणतात. शेजारणीला बोलावणे नाही, वाजंत्री नाही. कारण सांगितले जाई दृष्ट लागण्याचे. पण पोट पडण्याचा धोका पहिल्या तीन महिन्यांतच सर्वांत जास्त असतो, आणि सगळ्या गावाला सांगून झाल्यावर गर्भ गेला तर त्या बाईला दुःखासोबत लोकांच्या चौकश्याही सोसाव्या लागतात. चोरचोळीने हे दुसरे ओझे टळत होते. आजही कितीतरी जोडपी तीन महिने होईपर्यंत बातमी फोडत नाहीत. चोरचोळी हा शब्द त्यांच्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसतो, रीत मात्र तीच आहे.

पुढचा टप्पा डोहाळ्यांचा. हा शब्द संस्कृत ‘दौहृद’वरून आला. सुश्रुतसंहितेच्या मते चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून गर्भिणी दोन हृदयांची होते. तिच्या इच्छा या पोटातल्या जिवाच्याही इच्छा असतात आणि त्या डावलल्या तर मुलात व्यंग येते. चरकाने गर्भिणीला सांभाळण्यासाठी काठोकाठ तेलाने भरलेल्या भांड्याची उपमा दिली आहे: जराही हिंदकळू द्यायचे नाही. आजच्या शरीरशास्त्रानुसार डोहाळे अपुरे राहिले म्हणून व्यंग येत नाही. तरी या समजुतीचा व्यवहारातला परिणाम लक्षात घेण्याजोगा होता. एरवी जिने पंगत उठल्यावर उरलेसुरले खायचे, त्या सुनेला काही महिने तरी चिंच, आवळा, ओल्या नारळाची करंजी मागता येत होती, आणि सासूला ते द्यावे लागत होते. सातव्या महिन्यातले डोहाळजेवण हा याच हक्काचा सोहळा. हिरवी साडी, फुलांचे दागिने, कधी झोपाळ्यावर, कधी चंद्रकोरीत, कधी नावेत बसवून केलेले कौतुक, मुलींनी म्हटलेली डोहाळ्याची गाणी. मग झाकलेल्या दोन वाट्यांतली एक उघडायची: पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. हसण्याखिदळण्यात उरकणाऱ्या या खेळातही घरातल्यांचे कान कशाकडे लागले आहेत ते उघड असे.

सगळीकडे हे लाड होत नव्हते. कमी खावे, म्हणजे मूल लहान राहते आणि सुटका सोपी होते, अशीही समजूत देशाच्या अनेक भागांत होती आणि काही ठिकाणी अजून आहे. वरवर अडाणी वाटणाऱ्या या विचारामागे साधे गणित होते. मोठे मूल अडते, अडलेली बाई मरते, आणि शस्त्रक्रिया करणारा दवाखाना दोन दिवसांच्या वाटेवर.

ग्रहणाचे पाळणे हे या धास्तीचे सर्वांत कडक रूप. वेध लागल्यापासून मोक्षापर्यंत गरोदर बाईने विळी, सुरी, कात्री, सुई हातात धरायची नाही, काही चिरायचे नाही, खुडायचे नाही, पाणीसुद्धा प्यायचे नाही. काही घरांत तिला अंधाऱ्या खोलीत बसवून ठेवत आणि म्हातारी आजी दाराशी राखण बसे. नियम मोडला तर मूल फाटलेल्या ओठाचे निपजते असे सांगत. या समजुतीची किंमत बाईच मोजत होती. मुलात खोट निघाली की सगळ्यांचा पहिला प्रश्न तिला: ग्रहणात काय चिरलेस? आठवून आठवून तिला काहीतरी सापडेच.

या सगळ्यात नवरा कुठे होता? बाळंतपण बायकांचे काम, पुरुषाने ओटीवर येरझाऱ्या घालायच्या, असे चित्र सहसा रंगवले जाते. धर्मशास्त्राने मात्र त्यालाही बांधून घातले होते. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेला ‘धर्मसिंधु’ महाराष्ट्रातल्या भिक्षुकांच्या रोजच्या हाताशी असे. त्याच्यासारख्या ग्रंथांत गर्भिणीपतीचे, म्हणजे गरोदर बाईच्या नवऱ्याचे, वेगळे नियम आहेत. त्याने क्षौर करायचे नाही, प्रेतयात्रेला जायचे नाही, फार दूरचा प्रवास करायचा नाही, समुद्रस्नान करायचे नाही, झाड तोडायचे नाही, घर बांधायला काढायचे नाही, लढाईवर जायचे नाही. सातव्या महिन्यानंतर श्राद्धाचे जेवणही वर्ज्य. लोकरूढीने यात आपली भर घातली. त्याने नारळही फोडू नये. वाढलेल्या दाढीचा माणूस पाहून गावाने ओळखावे की याच्या घरी दिवस भरत आलेत. मनातली भीती बोलून दाखवणे पुरुषाला शोभत नव्हते. वडीलधाऱ्यांदेखत बायकोशी दोन शब्द बोलण्याचीही चोरी होती. तेव्हा त्याच्या काळजीला वाट मिळाली ती या न करण्याच्या गोष्टींतून. त्यांतल्या निम्म्या गोष्टी त्याला घराजवळ आणि धोक्यापासून लांब ठेवणाऱ्या आहेत, हा योगायोग नसावा. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रीतीमुळे मात्र ऐन वेळी तो बायकोपासून कोसभर किंवा शंभर कोस दूर असे, आणि नियम पाळत बसण्याखेरीज त्याच्या हाती काही उरत नसे.

पोटातल्या मुलासाठी सारे राज्य श्वास रोखून बसल्याचा प्रसंगही मराठी इतिहासात आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला तेव्हा त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. नारायणरावांचे काका राघोबादादा यांना गादीवरून दूर ठेवायचे तर तिला मुलगा व्हायला हवा होता. बारभाईंनी, म्हणजे राघोबादादांविरुद्ध एकवटलेल्या कारभाऱ्यांनी, तिला पुण्याहून काढून पुरंदरच्या तटबंदीत नेले. सोबत आणखी काही गरोदर बायका गडावर ठेवल्या आहेत, मुलगी झाली तर अदलाबदल करायला, अशी कुजबूजही उठली. इतिहासकार ग्रँट डफने या कुजबुजीची दखल घेतली आहे. १८ एप्रिल १७७४ रोजी मुलगा झाला, तोच सवाई माधवराव. चाळीस दिवसांच्या आत त्याला पेशवाईची वस्त्रे मिळाली. गंगाबाई १७७७ मध्ये वारली. नवऱ्याचा खून झालेली, गडावर पहाऱ्यात दिवस काढणारी ही मुलगी रात्री कशी झोपत असेल, याबद्दल त्या धामधुमीच्या कागदपत्रांना काही सांगायचे नाही. त्यांना पोटाची काळजी होती, बाईची नव्हती.

सामान्य घरात प्रत्यक्ष बाळंतपण होई ते घरातल्या सर्वांत अंधाऱ्या खोलीत. वारा लागू नये म्हणून खिडकी बंद, फटींत चिंध्या. बाजेखाली शेगडी, शेगडीत निखारे आणि त्यांवर ओवा, बाळंतशेपा, लसणीच्या सालींची धुरी. उशाशी विळा किंवा कोयता, दाराला लिंबाचा पाला. आत येणाऱ्याने आधी पायांवर पाणी घ्यायचे. सुईण बहुधा खालच्या मानलेल्या जातीची. तिच्या हाताशिवाय घराचे चालत नसे आणि सोयर संपले की तिला उंबऱ्याआत घेत नसत. मूल आडवे असेल तर पोटावर तेल चोळून ते वळवण्याचे कसब तिच्यापाशी असे. चांगल्या सुईणीचे नाव पंचक्रोशीत निघे. पण नाळ कापायला घरातलाच विळा, नाहीतर बांबूची धारदार पात, आणि जखमेवर राख किंवा शेण.

इथूनच पाचवीचा उलगडा होतो. जन्मानंतर पाचव्या, काही समाजांत सहाव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते, अशी श्रद्धा. पाटा-वरवंटा मांडून पूजा करायची, कोरा कागद आणि बोरू ठेवायचा, दिवा विझू द्यायचा नाही, बाळाला रात्रभर मांडीवरून खाली ठेवायचे नाही, कोणी डोळा लावायचा नाही. अशुद्ध हत्याराने नाळ कापल्यामुळे होणारा अर्भकाचा धनुर्वात जन्मानंतर साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात दिसतो, आणि बहुतेक वेळा पहिल्याच आठवड्याच्या आसपास. बाळ दूध ओढेनासे होते, जबडा आवळतो, अंग धनुष्यासारखे ताठते. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी पाहिले होते की मुले नेमकी याच दिवसांत जातात. कारण ठाऊक नव्हते, पण वेळ अचूक हेरली होती आणि त्या वेळेवर पहारा बसवला होता. जंतू विळ्यावर होता आणि पहारा दारावर होता, ही त्यातली शोकांतिका. माता व अर्भकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जाहीर व्हायला २०१५ साल उजाडावे लागले.

जी बाई सुटत नसे, तिचीही भीती घराला वाटत राही. बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या दहा दिवसांत मेलेली बाई अळवंत होते, हडळ होते आणि दुसऱ्या बाळंतिणींना धरते, असे कोकणात आणि देशावर मानत. सरकारी अधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांनी मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांकडून अशा समजुतींची टिपणे गोळा केली होती. नाशिकला १९०९ मध्ये अनंत कान्हेरे यांनी ज्याच्यावर गोळ्या झाडल्या तो कलेक्टर हाच. ही टिपणे पुढे आर. ई. एन्थोव्हेन या अधिकाऱ्याने संपादून छापली, आणि त्यांत या भुतांची मोठी वर्दळ आहे. इतकी मरणे पचवायची तर त्यांना चेहरा द्यावा लागतो.

काळजीचे असे पाळणे-बांधणे पुरेसे नाही, त्यामागे विद्या हवी, हे ज्या जोडप्याच्या आयुष्यात सर्वांत ठळकपणे दिसते ते आनंदीबाई आणि गोपाळराव जोशी. कल्याणच्या यमुनेचे, म्हणजे लग्नानंतरच्या आनंदीबाईचे, लग्न नवव्या वर्षी झाले, चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. सटवाईची रात्र उलटून गेली होती, पण दवापाणी मिळाले नाही. गोपाळराव विक्षिप्त आणि हट्टी, शिक्षणासाठी बायकोला मारहाणही करणारे. पण या मरणानंतर दोघांचा हट्ट एकच झाला. १८८३ मध्ये आनंदीबाई एकटी अमेरिकेला गेली आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाली. तिच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. कोल्हापूरच्या रुग्णालयात तिची नेमणूक ठरली होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने ती गेली, तेव्हा तिला बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

गरोदरपणाची सर्वांत काळीकुट्ट भीती मात्र विधवांच्या वाट्याला होती. त्यांच्यासाठी दिवस राहणे म्हणजे गावाबाहेर होणे, विहीर जवळ करणे किंवा मुलाचा गळा दाबणे. यासाठी फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि गुपचूप येऊन सुखरूप बाळंत व्हा, अशा जाहिराती लावल्या. अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. पंढरपुरातही १८७५ मध्ये असे गृह निघाले. यात्रेच्या गावी सोडून दिलेल्या मुलांचा प्रश्न तिथे रोजचाच होता. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येबद्दल १८८१ मध्ये फाशी सुनावली गेली. पुढे ती कमी झाली, पण पुरुषाचे नावही न घेता बाईला झोडपणाऱ्या चर्चेने बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे संतापल्या. त्यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ मध्ये छापली गेली ती त्यातून.

दवाखाना आला, पण त्याच्यावर विश्वास बसायला कित्येक वर्षे गेली. मुंबईचे कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले. डॉक्टरही बाईच हवी, ही तिथली अट पडद्यातल्या बायकांना बाहेर आणण्यासाठीच होती. परळला १९२६ मध्ये वाडिया प्रसूतिगृह उभे राहिले ते गिरणगावाच्या कुशीत. गिरणीतल्या बाईची काळजी निराळी होती: रजा घेतली तर पगार बुडतो, न घेतली तर यंत्रापाशीच कळा येतात. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा त्याला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाळंतपणाच्या विश्रांतीला राष्ट्रहिताचा प्रश्न म्हटले. १९२९ मध्ये कायदा झाला, देशातला असा पहिलाच. तरीही चाळीतल्या बहुतेक बायका सातव्या महिन्यात बोटीने कोकणात नाहीतर गाडीने घाटावर माहेरी जात. चाकरमानी नवरा खानावळीत जेवत पोस्टमनची वाट पाही. पत्र आठवड्याने येई. तोवर तिकडे बाळाचे बारसे तरी झालेले असे, नाहीतर सुतक तरी लागलेले.

आज महाराष्ट्रात शंभरांतली जवळपास ९५ बाळंतपणे दवाखान्यात होतात. २०१८ ते २०२० या काळाच्या नोंदींनुसार राज्यात लाख जन्मांमागे ३३ माता दगावल्या. भोर समितीच्या देशभरच्या आकड्याशी तुलना केली तर धोका साठ पटीने उतरला. भीती त्या प्रमाणात उतरली नाही, तिने जागा बदलली. पूर्वी ती अखेरच्या रात्रीवर आणि पाचवीवर एकवटलेली असे. आता ती नऊ महिनेभर पसरली आहे आणि प्रत्येक तपासणीच्या कागदावर तिचा मुक्काम असतो. ठोके लागले का, गर्भजल कमी तर नाही, नाळेचा वेढा बसला का, साखर वाढली का, आणि शेवटी सिझेरियन करावे लागेल का. राज्यात चारांतले सुमारे एक बाळंतपण सिझेरियनने होते.

सोनोग्राफीने पोटातले मूल दाखवले आणि त्याचबरोबर पेढा-बर्फीच्या खेळातला विनोद संपवला. गर्भलिंग निदानाला आळा घालणारा कायदा सर्वांत आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्राने केला. देशाचा कायदा १९९४ चा. तरी २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली उरल्या होत्या, बीड जिल्ह्यात ८०७. पहिली मुलगी असलेल्या घरात दुसऱ्या वेळचे गरोदरपण किती धास्तीत जाते, हे या आकड्यांवरून ताडता येते.

गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने याच गाठीवर बोट ठेवले. जिल्हा रुग्णालयात नाव घातलेल्या २७० बायकांना त्यांनी शेवटच्या तिमाहीपासून पाहिले. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी जवळपास पाव बायकांना नैराश्य होते, आणि त्यांतल्या बहुतेकींचे मन गरोदरपणातच ढासळलेले होते. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि झालेले मूल मुलगी असणे यांनी हा धोका वाढत होता. बाळंतवाताचे वेड म्हणून जुनी माणसे ज्याची बोळवण करत, त्यातला मोठा भाग बाळंतपणाच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो, हे इथे आकड्यांत दिसले.

गेल्या पंचवीस वर्षांत गर्भसंस्काराचे वर्ग शहराशहरांत निघाले. डॉ. बालाजी तांबे यांचे जाडजूड पुस्तक डोहाळजेवणात भेट म्हणून देण्याची रीतच पडली. आईने काय ऐकावे, काय पाहावे, काय खावे याच्या याद्या आल्या. त्यांतली शांतता आणि नियमितपणा कोणालाही हितकारक ठरावा. पण पोटात असतानाच शिकलेल्या अभिमन्यूची गोष्ट सांगून झाली की मनात नवी टोचणी शिरते: आपण काही कमी तर केले नाही ना? ग्रहणात काय चिरलेस, या जुन्या प्रश्नाचे हे सुशिक्षित रूप आहे. फरक इतका की आता हा प्रश्न सासू विचारत नाही, बाई स्वतःलाच विचारते. आणि विचारायला जवळ बहुधा दुसरे कोणी नसते, कारण दोन खोल्यांच्या घरात आता जोडपेच तेवढे राहते. आजी, मावशी, शेजारची काकू यांच्यात वाटली जाणारी काळजी दोघांच्याच अंगावर येते.

त्यामुळे नवरा ओटीवरून आत आला. तपासणीच्या दिवशी तो बाजूच्या खुर्चीत बसतो, पडद्यावरचे ठोके ऐकतो, कागदावर सही करतो. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी नोकऱ्यांत ती मालकाच्या मर्जीवर. प्रसूतिकक्षाचे दार मात्र त्याच्यासाठी सावकाश उघडत आहे. केंद्राने २०१६ मध्ये सार्वजनिक रुग्णालयांसाठी प्रसूतिसोबतीचे नियम केले. सोबतीण म्हणून त्यांत पहिली पसंती आहे ती स्वतः बाळंतपण अनुभवलेल्या नात्यातल्या बाईला. जिथे पडदे आणि खाजगीपणा आहे, तिथे नवऱ्यालाही आत घेता येते. बहुतेक सरकारी प्रसूतिगृहांत एकाच दालनात चार-पाच टेबले ओळीने असतात. तिथे तो अजून बाहेरच्या बाकावर, पिशवीत दुपटे आणि थर्मास घेऊन बसलेला दिसतो.